प्रवरेच्या उगमाशी : भंडारदऱ्याचा न पाहिलेला ठेवा

प्रवरेच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की श्रीरामपूरच्या बाजारपेठेला त्याची चाहूल लागते. पाणी शेतात फिरते, खते व बियाण्यांच्या दुकानांत गर्दी होते, मागोमाग किराणा, कापड आणि सराफी पेढ्यांवरची वर्दळ वाढते. पीक हाती आले की वह्यांतली जुनी येणी वसूल होऊ लागतात. हे चक्र येथील व्यापारी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाणी किती दिवस चालेल, धरण किती टक्के भरले, याची चौकशी शेतकऱ्याइतक्याच आस्थेने गादीवर बसलेला व्यापारीही करतो.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. बेलापूर गावासाठी उभारलेल्या स्थानकाभोवती जी वस्ती वाढली, ती आधी ‘बेलापूर रोड’ म्हणून आणि पुढे श्रीरामपूर म्हणून नावारूपाला आली. स्थानकाच्या फलकावर आजही ‘बेलापूर’ हेच नाव आहे. रेल्वेने गावाला बाजार दिला. पण त्या बाजारात विकण्याजोगा माल पिकवला तो कालव्याने. हरेगावचा, टिळकनगरचा साखर कारखाना असो की लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना, या सर्वांच्या मुळाशी ऊस आहे आणि उसाच्या मुळाशी प्रवरेचे पाणी. मारवाडातून लोटा-दोरी घेऊन निघालेल्या ज्या कुटुंबांनी या भागात पेढ्या थाटल्या, त्यांच्या भरभराटीचा पहिला जमाखर्च म्हणूनच सह्याद्रीच्या डोंगरात मांडला गेला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

तो डोंगर फार दूर नाही. बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता धरला की सकाळी निघालेले कुटुंब दुपारच्या आत भंडारदऱ्याला पोहोचते. दरवर्षी शेकडो कुटुंबे जातातही. धरणाच्या भिंतीशी छायाचित्रे होतात, पावसाळ्यात छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला धबधबा आणि वाटेवरचा रंधा धबधबा पाहून होतो, राजूरचे पेढे घेतले जातात आणि गाडी परतीला लागते. सहल आनंदाची होते. मात्र त्याच परिसरात सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी जे घडवून ठेवले आहे, ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते. जे पाहतात त्यांनाही ते कसे पाहावे हे सांगणारे कोणी भेटत नाही. हा लेख त्या निसटलेल्या ठेव्याविषयी आहे, आणि त्याच्या संदर्भात व्यापारी समाजासमोर उभ्या असलेल्या एका प्रश्नाविषयीही.

धरण : दगडाचे एक शिल्प

भंडारदरा हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथून जवळ आहे. पलीकडे रतनगड आणि अलंग-मदन-कुलंगची अवघड दुर्गरांग आहे. गावाचे नाव जगाला माहीत झाले ते धरणामुळे. १९१० मध्ये काम सुरू झालेले हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. २०२६ हे त्याचे शताब्दी वर्ष. सुमारे ८२ मीटर उंच आणि पाचशे मीटरहून लांब अशी ही भिंत चुन्यात बांधलेल्या दगडांची आहे. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी ती अडवून धरते.

शंभर वर्षांत या भिंतीनेही दुखणी सोसली. १९६९ मध्ये तिच्यातून गळती होऊ लागल्यावर पुढे आधारभिंती देऊन तिला बळकटी आणण्यात आली. वेळेवर लक्ष गेले आणि योग्य जाणकारांकडून दुरुस्ती झाली, म्हणून धरण टिकले. जुने बांधकाम आपोआप टिकत नाही. त्याला टिकवावे लागते आणि टिकवण्याची एक विद्या असते. पुढे मंदिराचा विचार करताना ही गोष्ट पुन्हा आठवावी लागणार आहे.

जलाशयाच्या काठची गावे महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची आहेत. भात, नागली, वरई ही त्यांची पिके. हिरडा गोळा करणे हा पूरक व्यवसाय. होळीनंतरच्या दिवसांत अकोले, इगतपुरी, मोखाडा, जव्हार या डोंगरपट्ट्यात ‘बोहाडा’ हा मुखवट्यांचा उत्सव होतो. देव, दानव, पुराणांतील पात्रे यांचे मोठाले रंगीत मुखवटे चढवून गावकरी संबळाच्या तालावर रात्रभर सोंगे नाचवतात. कोणत्या घराण्याने कोणते सोंग घ्यायचे, हेही बहुधा ठरलेले असते. मंदिराचे शिल्प दगडात आहे म्हणून ते दिसते. ही कला माणसांच्या अंगात आहे, म्हणून ती पाहायला त्या दिवशी, त्या गावात जावे लागते. खालच्या सपाटीला वर्षभर पाणी देणारा हा मुलूख उन्हाळ्यात स्वतः हंड्या-कळशांनी पाणी वाहतो, हेही तेथे जाणाऱ्याने पाहून यावे.

अमृतेश्वर : उगमावरचे देऊळ

भंडारदऱ्याच्या शेंडी गावातून मुतखेल, कोलटेंभे अशी वाडी-वस्ती मागे टाकत जलाशयाच्या कडेने रस्ता रतनवाडीला जातो. मागे रतनगड उभा असतो. त्याच्या माथ्यावरचे आरपार भोक, ज्याला ‘नेढे’ म्हणतात, स्वच्छ हवेत खालूनही दिसते. याच गडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि गडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे मंदिर आहे. प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणतात. हीच नदी पुढे अकोले, संगमनेर, बेलापूर करीत नेवाशाजवळ गोदावरीला मिळते. नेवाशात याच नदीच्या काठी ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील आपली टीका सांगितली. अशा नदीच्या आरंभी तिला साजेसे देऊळ असावे, हे उचितच होय.

लोक या मंदिराला ‘हेमाडपंती’ म्हणतात. महाराष्ट्रात चुन्याविना रचलेल्या प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हे नाव देण्याची प्रथा पडली आहे. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. अमृतेश्वर त्याच्याही आधीचे आहे. अभ्यासक याची गणना ‘भूमिज’ शैलीत करतात. ही शैली ओळखणे सोपे आहे. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध पायापासून वरपर्यंत नक्षीची एकेक उभी पट्टी चढत गेलेली असते. या पट्ट्यांच्या मधल्या भागांत एकावर एक, रांगेने, छोटी-छोटी शिखरे बसवलेली असतात. वर जाताना ती लहान होत जातात आणि नजर आपोआप कळसाकडे ओढली जाते. सिन्नरचे गोंदेश्वर आणि अंबरनाथचे शिवमंदिर याच शैलीची. अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. एकदा ही खूण पटली की मुलेही दुसऱ्या गावी गेल्यावर ‘हे भूमिज’ असे बोट दाखवून सांगू लागतात.

अमृतेश्वराची मांडणी मात्र वेगळी आहे. सहसा मंदिरात मंडपातून गाभाऱ्यात जातात आणि त्याच वाटेने परततात. येथे गाभाऱ्याला दोन बाजूंनी दारे आहेत. एका बाजूने नक्षीदार खांबांच्या मुखमंडपातून सरळ गाभाऱ्यात उतरता येते आणि पलीकडच्या दाराने सभामंडपात निघता येते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंडी पाण्याखाली जाते. नदीच्या उगमावरच्या देवाला दरवर्षी नदीच स्नान घालते, असे गावकरी मानतात. आतील छतांवर दगडातून उमललेली कमळे आहेत, बाहेरच्या भिंतींवर भूमितीच्या आकृत्यांची बारीक वीण आहे. जवळच चौकोनी पुष्करणी आहे. तिच्या भिंतींत ओळीने देवकोष्ठे असून त्यांत मूर्ती बसवल्या आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ही नक्षी जितकी उठून दिसते तितकी दुपारी दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी मुक्काम करून सकाळी लवकर येथे येणे उत्तम.

हे मंदिर कोणी बांधले? उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यात झंझ नावाचा राजा होऊन गेला. अरब प्रवासी अल् मसूदी ९१६ मध्ये चौलला आला, तेव्हा तेथे याच राजाची सत्ता होती, असे त्याने नोंदवले आहे. या राजाने शंकराची बारा मंदिरे बांधली, असे शिलाहारांच्या ताम्रपटांत म्हटले आहे. बारा नद्यांच्या उगमांवर ती बारा मंदिरे आहेत आणि अमृतेश्वर त्यांपैकी एक, अशी परंपरा सह्याद्रीत सांगितली जाते. आज उभ्या असलेल्या मंदिराची घडण पाहता ते त्यानंतरच्या काळातले वाटते. परंपरा आणि पुरावा यांतील हे अंतर मान्य करूनही, ज्यांनी हे बांधले त्यांना नदी जेथे जन्मते ती जागा मानाची वाटली, एवढे निश्चित. हेन्री कझेन्स या पुरातत्त्व अभ्यासकाने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेल्या आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रतनवाडीची नोंद आहे. मंदिर आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

अकोले तालुक्यातच आढळा नदीच्या काठी टाहाकारीचे जगदंबेचे मंदिर आहे. तीन गाभाऱ्यांचे हे मंदिर बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींच्या शिल्पांसाठी पाहावे. आरशात पाहणारी, नृत्य करणारी अशा या स्त्रीप्रतिमा पाहताना त्या काळचे अलंकार, केशरचना, वस्त्रांच्या निऱ्या यांचा जणू पटच उलगडतो. सराफी व्यवसायातील कुटुंबांनी तर कंबरपट्टे आणि बाजूबंद यांचे नमुने पाहण्यासाठीच येथे अर्धा तास अधिक द्यावा. शिखरे मात्र विटांची होती. मूळ रूपातली ती आज उरलेली नाहीत.

डोंगरातला जैन वारसा

जैन वाचकाच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे : ही सारी शिवाची आणि देवीची मंदिरे, आपला वारसा यात कोठे? त्याचे उत्तर याच डोंगररांगेत, थोडे उत्तरेला आहे.

इगतपुरी हेही थंड हवेचे गाव. भंडारदऱ्याहून मुंबईकडे जाणारी वाट तेथूनच जाते. त्याच्या जवळ त्रिंगलवाडीचा किल्ला आहे आणि किल्ल्याच्या पायथ्याशी डोंगरात कोरलेले जैन लेणे. ओसरी, नक्षीदार दरवाजा, चौकोनी सभामंडप आणि मागे गाभारा अशी त्याची रचना आहे. गाभाऱ्यातील तीर्थंकरमूर्ती भग्न आहे. परंतु आसनावर वृषभाचे चिन्ह आहे आणि त्यावरून ती प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांची, हे कळते. आसनावरील झिजलेल्या लेखातील १२६६ हा आकडा शक वर्षाचा मानला, तर तो इ. स. १३४४ चा होतो. मुंबईहून येणारी किती जैन कुटुंबे इगतपुरीच्या घाटात चहासाठी थांबतात. पण तेथून काही किलोमीटरवर आदिनाथांचे लेणे एकाकी उभे आहे, याची कल्पना त्यांतील फार थोड्यांना असते.

तेथून पुढे त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर लागतो. इंग्रजी अमदानीत नाशिकचे गोरे अधिकारी उन्हाळ्यात येथे हवापालटाला येत. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या हिंदू आणि जैन मंदिरांचा समूह आहे. त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ म्हणजे इ. स. ११४१ च्या सुमाराचा शिलालेख सापडला. व्यापाऱ्यांनी तो मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. यादव राजा सेऊणचंद्र याने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला नगरातील तीन दुकाने दान दिली आणि वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने आणखी एक दुकान व एक घर दिले, असे त्यात नमूद आहे.

या दानाचे स्वरूप पाहावे. वत्सराजाने सोन्याचा कळस चढवला नाही की भिंतीवर आपले नाव मोठे कोरले नाही. त्याने दुकान दिले. दुकानाचे उत्पन्न दरसाल येत राहते. त्यातून दिवाबत्ती, पूजा, डागडुजी होत राहते. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने मंदिरासाठी कायम निधी उभा केला. पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या या व्यापाऱ्याला एक गोष्ट नीट उमगली होती : बांधण्याला एकदाच पैसा लागतो, सांभाळण्याला रोज लागतो.

हीच दृष्टी अर्बुदगिरीवर, म्हणजे माउंट अबूवर अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. थंड हवेच्या ठिकाणी कलेचा वारसा पाहायचा तर भारतात देलवाड्याइतके दुसरे उदाहरण सापडणे कठीण. विमलशहाने १०३१ मध्ये आदिनाथांचे मंदिर बांधले; वस्तुपाल-तेजपाल या मंत्री बंधूंच्या काळात १२३० मध्ये नेमिनाथांचे मंदिर उभे राहिले. संगमरवराच्या छताची नजाकत सर्वांना ठाऊक आहे. त्याच नेमिनाथ मंदिरातील शिलालेखात व्यवस्थेसाठी नेमलेल्या गोष्ठिकांची, म्हणजे विश्वस्तांची, नावे आहेत. वार्षिक उत्सवाच्या आठ दिवसांपैकी कोणता दिवस कोणत्या गावच्या श्रावकांनी सांभाळायचा, याची वाटणीही आहे. याकडे मात्र पर्यटकांचे लक्ष जात नाही. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी या मंदिरांची मोडतोड झाली, तेव्हा काही वर्षांतच श्रावकांनी त्यांचा उद्धार केला.

जीर्णोद्धार की जतन?

येथेच आजचा खरा प्रश्न उभा राहतो. जीर्णोद्धार हे जैन समाजात मोठे पुण्यकर्म मानले जाते आणि दानाच्या बाबतीत या समाजाचा हात कधी आखडता नव्हता. व्यापारी कुटुंबे स्वधर्मीयांच्याच नव्हे, तर गावोगावच्या ग्रामदैवतांच्या मंदिरांनाही सढळपणे देणग्या देतात. परंतु गेल्या काही दशकांत अनेक गावांतून जे घडले ते पाहिले, की मन अस्वस्थ होते. जुन्या दगडी भिंतींना तैलरंग लावले गेले. कोरीव चेहऱ्यांचे नाक-डोळे रंगाच्या थरांखाली बुजले. घडीव फरसबंदीवर गुळगुळीत फरश्या बसल्या. छत गळते म्हणून वर सिमेंटचा थर दिला गेला. कोठे तर आख्खे जुने मंदिर उतरवून नवे चकचकीत मंदिर उभे केले गेले आणि कोरीव दगड मागच्या अंगणात पडून राहिले. देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, पैसा कष्टाचा होता; तरीही हानी झाली, आणि ती भरून निघणारी नाही.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. दगड श्वास घेतो, असे जुने पाथरवट म्हणत. बसाल्टच्या सांध्यांतून पावसाचे पाणी आत जाते आणि उन्हात बाहेर निघते. तैलरंगाने किंवा सिमेंटने ही वाट बंद झाली की ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुना मऊ असतो, तो दगडाबरोबर तापतो-निवतो; सिमेंट कडक असते आणि भोवतीच्या दगडालाच तडे देते. म्हणून जुन्या बांधकामाला चुन्याचीच जोड द्यावी लागते. हे ज्ञान असलेले कारागीर आहेत. परंतु गावच्या बैठकीत निर्णय होतो तो बहुधा रंगाचा डबा आणि फरशीचा दर पाहून.

याच्या उलट उदाहरणही जैन समाजानेच घालून दिले आहे. विसाव्या शतकात अहमदाबादचे उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने राणकपूर, देलवाडा, शत्रुंजय, तारंगा या तीर्थांची दुरुस्ती झाली. मूळच्या दगडाशी मिळणारा दगड शोधण्यात आला, परंपरेने मंदिरे घडवणारे सोमपुरा कारागीर कामाला लावले गेले. शत्रुंजयावर तर नंतरच्या काळात दाटीवाटीने उभी राहिलेली बांधकामे हलवून मूळ मंदिराचे झाकलेले शिल्प मोकळे करण्यात आले. काही वेळा काढून टाकणे हाच जीर्णोद्धार असतो, हे या कामाने दाखवले. अपरिग्रहाचा विचार ज्यांच्या घरात लहानपणापासून कानी पडतो, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

दान कोणत्या वाटेने करावे

अमृतेश्वरासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाला कोणीही आपल्या मर्जीने रंग वा फरशी लावू शकत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. याचा अर्थ समाजाला करण्याजोगे काही उरत नाही, असा नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक निधीकडे विशिष्ट स्मारकासाठी देणगी देता येते आणि आयकर कायद्यानुसार तिला सवलतही आहे. आपण कोणती करप्रणाली निवडली आहे, हे मात्र आपल्या सनदी लेखापालाकडून पडताळून घ्यावे. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या कामांच्या यादीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे रक्षण समाविष्ट आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्र शासनाची पालकत्व देणारी योजनाही आहे.

जी मंदिरे कोणत्याही सूचीत नाहीत, त्यांचा धोका सर्वाधिक. गावोगावी अशी अनेक आहेत. तेथे देणगी देण्यापूर्वी दात्याने दोन अटी घालाव्यात : काम सुरू होण्याआधी जुन्या वास्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा लेखी अभिप्राय घ्यावा. कर्ज देताना तारण पाहतात, माल घेताना नमुना पाहतात. मग दान देताना एवढी चौकशी केली तर त्यात श्रद्धेचा अवमान नाही. पावतीवर नाव येते ते दात्याचे. म्हणून झालेल्या कामाचे उत्तरदायित्वही काही अंशी त्याचेच असते.

सहलीचा आराखडा

दोन दिवस हाताशी असावेत. पहिल्या दिवशी सकाळी निघून वाटेत टाहाकारी पाहावे, दुपारी अकोले-राजूरमार्गे भंडारदऱ्याला पोहोचावे आणि संध्याकाळी जलाशयाचा काठ अनुभवावा. दुसऱ्या दिवशी उजाडताच रतनवाडी गाठावी. चौविहार पाळणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी सूर्यास्तापूर्वी भोजन मिळण्याविषयी आधीच कळवावे. कांदा-लसूण-कंदमुळांविना पिठले, भाकरी आणि भात हे साधे जेवण वाडीवरच्या घरगुती खानावळीत आगाऊ सांगितल्यास मिळू शकते. त्यातून गावातल्या बाईच्या हातात चार पैसेही येतात.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आधी, येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजव्यांची रोषणाई होते. ती पाहण्यासाठी अलीकडे मोठी गर्दी उसळते. हा जीवांच्या मीलनाचा काळ. मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि गवतातून मोकाट फिरणारी पावले यांनी त्यांत विघ्न येते आणि असंख्य जीव चिरडले जातात. ज्या समाजात पाय टाकतानाही यतना पाळावी असे शिकवले जाते, त्याने येथे गर्दीत भर घालू नये. गेलोच तर गाडी दूर ठेवून, दिवे मालवून, रस्ता न सोडता पाहावे.

मंदिरात जाताना मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. एकेकाने एकेक नक्षी कागदावर उतरवावी. दहा मिनिटे एकाच कमळाकडे पाहिलेले मूल ते कमळ विसरत नाही. मूर्तिपूजक कुटुंब असो वा स्थानकवासी, पाहण्याच्या या शिस्तीला कोणत्याही आम्नायाचा अडसर नाही. दर्शन घ्यावे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ज्या हातांनी कठीण काळ्या दगडात पाकळी फुलवली, त्या हातांविषयी आदर बाळगण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. निघताना आणलेला कचरा सोबत घेऊन यावा. डोंगरात टाकलेले प्लास्टिक याच नदीला लागते, आणि ही नदी कोठे जाते हे श्रीरामपूरकरांना वेगळे सांगायला नको.

परतल्यावर आणखी एक ठिकाण पाहायचे राहते, आणि ते तर घराजवळच आहे. श्रीरामपूर तालुक्यातच प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथे झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला चार भरीव ओतीव शिल्पे सापडली : दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. अमृतेश्वराच्याही कितीतरी शतके आधी याच नदीच्या काठी ताम्रपाषाण युगातील माणसे शेती करीत होती, हे तेथील उत्खननाने सिद्ध केले. ती शिल्पे आज दिल्ली आणि मुंबई येथील संग्रहालयांत आहेत आणि देशोदेशीचे अभ्यासक ती पाहायला येतात. दायमाबादचे पांढरीचे टेकाड मात्र नदीकाठी शांतपणे पडून आहे. गावातल्या दुकानदाराला विचारले तर वाट सांगेल.

यंदा दिवाळीनंतर, चातुर्मास संपून मार्ग मोकळे झाले की, एखाद्या कुटुंबाने किंवा मंडळाने ही नदी उगमापासून आपल्या गावापर्यंत पाहण्याचा संकल्प करावा : सकाळी रतनवाडी आणि दुसऱ्या सवडीने दायमाबाद. ज्या पाण्यावर तीन-चार पिढ्यांचे व्यापार उभे राहिले, त्याच्या काठी काय काय आहे, एवढे तरी घरातल्या मुलांना ठाऊक असावे. त्यांतले एखादे मूल उद्या गावच्या मंदिराच्या बैठकीत बसेल, रंगाचा डबा समोर येईल, आणि ते म्हणेल, आधी छायाचित्रे काढू, जाणकाराला विचारू. तेवढे झाले तरी ही सहल सत्कारणी लागली म्हणावी.